पाय ब्रेकवर होता

गाडी मरायची ती नेमकी गिअरचा दांडा ‘डी’वर, म्हणजे ड्राइव्हवर, आणला की. सेल्फ मारल्यावर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं आणि ‘पी’मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, कितीही वेळ गुमान चालायचं. ‘डी’त टाकलं की आरपीएमचा काटा सातशेवरून घसरायचा, बॉनेट थरथरायचं आणि सगळं शांत. ‘आर’मध्येही तेच. कधी दुसऱ्या प्रयत्नाला निघायचीसुद्धा, पण मग कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबले की पुन्हा बंद. मागे केएमटीची बस, दोन्ही बाजूंना रिक्षा आणि हॉर्नचा गदारोळ.

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझा डावा पाय कॅलिपरमध्ये असतो. क्लच दाबणं मला जमत नाही, म्हणून ऑटोमॅटिक गाडी. बारा वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली, पण तिच्यामुळे मी कुणाची वाट न बघता बँकेत जाते, आईला दवाखान्यात नेते, सुट्टीत पन्हाळ्याला जाते. ती दारात अडकून पडली तेव्हा मला रिक्षात चढता-उतरताना रोज कुणाचा तरी हात मागावा लागत होता. त्यामुळे या बिघाडाचं मूळ कळणं माझ्यासाठी फार निकडीचं होतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड निघाला नाही. इंजिनचा दिवाही लागलेला नव्हता. तासाभराने निदान आलं: ‘पी’मध्ये चालते, ‘डी’त मरते, म्हणजे दोष गिअरबॉक्सचा, टॉर्क कन्व्हर्टर गेला असणार, उघडावं लागेल. एस्टिमेट लाखाच्या घरात. जॉबकार्डवर मी सांगितलेल्या तक्रारी एकाखाली एक लिहिल्या होत्या. पहिली गाडी बंद पडण्याची. तिसरी, ‘ब्रेक अलीकडे कडक लागतो’. तिच्यापुढे शेरा होता: पॅड तपासले, ठीक.

त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता, हे मला नंतर समजून घेतल्यावर पटलं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांतला एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती काढली ती जहाजांसाठी, वेगाने फिरणारं टर्बाइन आणि संथ फिरणारा जहाजाचा पंखा यांची सांगड घालायला. गाडीत तिचा मोठा उपयोग म्हणजे सिग्नलला चाकं थांबलेली असतानाही इंजिन तेल घुसळत चालू राहतं. मात्र ‘डी’त ते घुसळणं जड जातं, इंजिनावर बोजा येतो, आणि इंजिनच्या संगणकाला थोडी जास्त हवा सोडून ते तगवावं लागतं. शिवाय कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. वेग आला की तो दोन्ही भाग घट्ट जोडतो, म्हणजे तेलातल्या घसरीत शक्ती वाया जात नाही. हा क्लच जोडलेल्या स्थितीतच अडकून राहिला, तर गाडी ‘डी’त टाकताच इंजिन थेट थांबलेल्या चाकांना बांधलं जातं आणि मरतं. तेव्हा लक्षण जुळत होतं. पण जुळणाऱ्या लक्षणावर लाखभर रुपये टाकायला माझं मन घेईना. तेच लक्षण आणखी कशाकशाने येऊ शकतं, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं.

बँकेतल्या सहकाऱ्याने शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. लेथ आणि ओतकामाच्या शेडच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. वय साठीपुढचं. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी मला खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. गार असताना मरते का तापल्यावर? दोन्ही वेळी. एसी बंद असताना? तेव्हाही, पण एसी चालू असला तर जरा जास्तच. आचका देऊन मरते का हळूहळू दम जातो? हळूहळू. ॲक्सिलरेटर जरा दिला तर? मला तो देता येत नाही, कारण उजवा पाय ब्रेकवर असतो.

इथे ते थांबले.

“ताई, दांडा हलवताना पाय ब्रेकवरच असतोय न्हवं?”

“असावाच लागतो. ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’मधनं निघतच नाही.”

“मग गाडी दांड्यानं मरतीया का पायानं, ते आधी बघूया की.”

इतक्या लोकांना मी ही गाडी दाखवली होती, पण माझ्या पायाबद्दल, म्हणजे गाडी चालवणाऱ्या पायाबद्दल, कुणी काही विचारलं नव्हतं.

दांड्याला हात न लावता त्यांनी आधी बोजा टाकून बघितला. ‘पी’मध्ये इंजिन चालू, एसी पूर्ण, हेडलाइट चालू, आणि स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून धरलेलं. माझ्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग तेलाच्या पंपावर चालतं, तो पंप इंजिन फिरवतं, त्यामुळे स्टिअरिंग टोकाला नेलं की इंजिनाला तेही ओढावं लागतं. काटा खाली गेला, सावरला आणि ठरला. इंजिन मेलं नाही. “बोजा पेलतीया,” ते म्हणाले, “म्हंजी थ्रॉटल बॉडीत कार्बन साचून हवाच मिळंना झालीया, असं काय दिसंना.” जुन्या गाड्यांत ‘डी’ला बंद पडण्याचं ते सगळ्यांत नेहमीचं कारण, आणि ते साफ करायला फारसा खर्चही येत नाही. म्हणून तो संशय त्यांनी आधी निकालात काढला.

मग मला ब्रेक दाबायला लावला. दांडा ‘पी’तच. मी पाय टेकवला आणि काटा पडला. इंजिन खरखरायला लागलं. पायाजवळून, डॅशबोर्डच्या खालून, बारीक ‘स्स्स’ असा आवाज येत होता. रस्त्यावरच्या गोंगाटात आणि चालू पंख्यात तो मला कधी ऐकूच आला नव्हता. पाय उचलला, इंजिन सुधारलं. पुन्हा दाबला, पुन्हा पडलं. एसी लावून ब्रेक दाबून धरला तर दांडा न हलवताच गाडी बंद पडली.

‘पी’मध्ये! त्या क्षणी लाखाचं एस्टिमेट माझ्या डोक्यावरून उतरलं.

पण मिस्त्रींचं समाधान तेवढ्यावर होईना. चारी चाकांना पुढून-मागून ओंडके लावले, हँडब्रेक ओढला, समोरून सगळ्यांना बाजूला केलं. स्वतः बसले. ब्रेक दाबून दांडा ‘एन’मध्ये आणला, इंजिन सावरू दिलं, पाय काढला आणि ब्रेकशिवाय ‘डी’त टाकलं. गाडीने ओंडक्यांना किंचित रेटा दिला आणि चालू राहिली. (हे घरी कुणी करून बघू नये, ओंडका निसटला तर गाडी समोरच्याच्या अंगावर जाईल.) लॉक-अप क्लच अडकलेला असता तर पाय कुठेही असला तरी इंजिन मेलं असतं. गिअरबॉक्स न उघडताच सुटला.

उरला ब्रेक बूस्टर. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये तो काळा गोल डबा असतो. त्याच्या आत रबराचा पडदा असतो आणि इंजिनच्या इंटेक मॅनिफोल्डमधून एका जाड पाइपने त्यातली हवा ओढून घेतलेली असते. ब्रेक दाबला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या बाजूला निर्वात असतो, आणि हवेचा दाब आपल्या पायाला मदत करतो. पडदा फाटला तर ब्रेक दाबताच आत आलेली हवा पडद्यातून निसटून थेट इंजिनात जाते. ही हवा एअर फिल्टरजवळच्या सेन्सरने मोजलेली नसते. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा असं मिश्रण ठेवायचं असताना न मोजलेली हवा शिरली की मिश्रण पातळ होतं आणि इंजिनाचा दम जातो. त्यात ‘डी’चा बोजा पडला की संपलंच.

मिस्त्रींनी मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावलं. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला १७ ते २२ इंच पारा दाखवतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे इंच-दोन इंच कमीच धरायचं. पाय उचललेला असताना काटा १७ वर स्थिर. ब्रेक दाबला की १२ वर, थरथरत. त्यांचा स्कॅनर सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरपेक्षा साधा होता, पण त्यांनी कोड बघितलेच नाहीत. इंजिन चालू असताना बदलत जाणारे आकडे बघितले. फ्युएल ट्रिम म्हणजे मिश्रण पातळ वाटल्यावर संगणक किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा. पाय वर असताना ३, ब्रेक दाबल्यावर २० च्या पुढे. कोड का पडला नव्हता तेही समजलं. दोष ब्रेक दाबल्यावरच उगवायचा आणि लगेच इंजिन तरी मरायचं, नाहीतर पाय तरी उचलला जायचा. संगणकाची खात्री पटेल इतका वेळ तो टिकतच नव्हता. शेवटी बूस्टरचा पाइप काढून मॅनिफोल्डच्या तोंडाला बूच मारलं. पेडल दगडासारखं झालं, पण आता ब्रेक दाबून, एसी लावून, ‘डी’त टाकूनही इंजिन हललं नाही.

जॉबकार्डवरची पहिली आणि तिसरी ओळ ही एकच तक्रार होती. ब्रेक कडक का लागत होता आणि गाडी का मरत होती, दोन्हीचं उत्तर त्या एका पडद्यात होतं. यातला पैशाचा भाग मी विसरू शकते. पण लाख रुपये घेऊन गिअरबॉक्स उघडला असता, परत बसवला असता, आणि फाटका बूस्टर तसाच ठेवून गाडी माझ्या हातात दिली असती, हे विसरता येत नाही. बूस्टर पूर्ण निकामी झाला तरी ब्रेक लागतो, मात्र कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. माझ्याकडे जोर लावायला एकच पाय आहे, आणि पन्हाळ्याहून उतरताना त्या पायावर आई आणि मी दोघी अवलंबून असतो. हे मी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरना गेजचे आकडे जोडून लिहून कळवलंय.

नवा बूस्टर पुण्याहून आला. जुना काढताना मास्टर सिलिंडरची मागची बाजू ओली दिसली. ब्रेक ऑइल तिथून झिरपून बूस्टरमध्ये उतरत होतं आणि त्यानेच रबर खाल्लं होतं. म्हणून मास्टर सिलिंडरही बदलला, नाहीतर नव्या पडद्याची तीच गत झाली असती. सगळा खर्च एस्टिमेटच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. बूस्टर तपासायची एक सोपी रीत मिस्त्रींनी मला शिकवली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, शेवटी दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जुना बूस्टर असताना ते जागचं हलत नसणार. आता मी घाटात जायच्या आधी हे करतेच.

यानंतर आमच्या अपंग संघटनेतल्या एका सदस्यांची ऑटोमॅटिक गाडी ‘डी’त बंद पडू लागली आणि त्यांना बूस्टरच वाटला. मी त्यांना उद्यमनगरात घेऊन गेले. मिस्त्रींनी पहिल्यापासून सगळं विचारलं. आधी, ऑटोमॅटिक कुठली? २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, साधा क्लच असतो आणि तो यंत्र दाबतं, तिथे तपासणीची वाटच वेगळी. ही गाडी कन्व्हर्टरची होती. ‘पी’मध्ये ब्रेक दाबला, काटा ढिम्म. ‘डी’त टाकताच मात्र दम न जाता एका आचक्यात मेली, ओंडके लावून पाय काढला तरीही. त्यांनी गिअरबॉक्सवरचा लॉक-अप सोलेनॉइडचा कनेक्टर काढला आणि पुन्हा ‘डी’त टाकलं. गाडी चालू राहिली. गिअरबॉक्सच्या आत व्हॉल्व्ह अडकला असता तर नुसता कनेक्टर काढून फरक पडला नसता. म्हणजे वीज कुठूनतरी नको तेव्हा पोचत होती. वायरिंग तपासलं तर बॅटरीच्या स्टँडखाली हार्नेस घासून दोन वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सोडवून नवी स्लीव्ह चढवली, आणि ते सदस्य त्याच संध्याकाळी गाडी घेऊन इचलकरंजीला परत गेले.