एकाच नावाचे पाच डास

भारतातल्या खेड्यापाड्यांत मलेरिया मुख्यतः पसरवणाऱ्या डासाचं नाव ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. पाटाच्या झिरपलेल्या पाण्यात, नदीपात्रातल्या डबक्यांत, भातखाचरांत तो वाढतो. म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, त्याला हवं ते सगळं आहे.

भिंगाखाली हे डास सारखेच दिसतात. 1980 मध्ये ग्रीन आणि माइल्स यांनी त्यांची गुणसूत्रं तपासली, तर एका नावाखाली दोन जाती निघाल्या: ए आणि बी. पुढे सी आणि डी सापडल्या. यातली बी बहुतेक गोठ्यातल्या जनावरांवर जगते आणि मलेरिया फारसा पसरवत नाही. बाकीच्या तिन्ही पसरवतात.

रामेश्वरम बेटावर मात्र हा हिशोब जुळेना. तिथे डास बी, तरी मलेरिया होताच. आमच्या कामात दोन सर्व्हरवर एकच व्हर्जन असून एकच बिघडतो, तेव्हा आम्ही नंबरावर विश्वास ठेवत नाही, फाईलच तपासतो. तिथेही तेच केलं गेलं. चावते ती मादी, आणि मादीत वाय गुणसूत्र नसतं. म्हणून पकडलेल्या माद्यांच्या पोटच्या नरांचं वाय पाहिलं. ते दोन आकारांचं निघालं. त्यातल्या एका आकाराच्या नरांच्या आया माणसाला जास्त चावत होत्या, मलेरियाही त्याच पसरवत होत्या. 1999 मध्ये या जातीला ई नाव मिळालं.

पूर्वी या तपासणीला अर्धवट रक्त पचलेली मादीच लागायची. आता पीसीआरला डासाचा एखादा पाय किंवा अळीसुद्धा पुरते.

हे सगळं पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ओळखून करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. जिथे फक्त बी आहे, तिथे घरोघरी फवारणी म्हणजे औषध आणि पैसा वाया. तोच पैसा ए किंवा सी असलेल्या गावाला लागतो. शिवाय फवारणी होते घराच्या भिंतीवर. भिंतीवर टेकणारा डास तिने मरतो. पप्पा तर रात्रीची लाईट आली की दारं धरायला शेतात असतात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तिथे भिंतच नाही. त्यांना चावणारा डास कोणता, तो घरात येतो की बाहेरच राहतो, हे कळल्याशिवाय त्यांच्यासाठी नेमकं काय करायचं ते ठरणार कसं?

तोवर त्यांच्यासाठी डास तो डासच. आणि ताप आला की रक्त तपासायचं, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.