नवे-जुने

आम्ही म्हणजे दोघे. नवरा-बायको, दोघेही मराठीचे अध्यापक आणि २०१२ पासून एका गृहकर्जाचे सहअर्जदार. यवतमाळातील आमचे घर काळ्या मातीवर उभे आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि आपली ही सवय वरच्या भिंतींना दरवर्षी कळवत राहते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील तडा पहिल्या वर्षी केसाएवढा होता. २०२४च्या मे महिन्यात त्यात रुपयाचे नाणे मावू लागले. स्लॅब दोन ठिकाणी पाझरत होता. आईंना जिना चढवत नव्हता आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर. शिवाय पाण्याचा प्रश्न होताच. २०१८च्या टंचाईत निळोणा आणि चापडोह या दोन्ही जलाशयांनी तळ गाठला, तेव्हापासून अंगणात एक मोठे टाके बांधावे असे मनात होते.

ही झाली कारणे, आणि ती खरी होती. मिस्त्रीने या सगळ्याचा अंदाज चार लाखांचा दिला. आम्ही मागितले सहा लाख. वरचे दोन लाख गच्चीवरच्या पुस्तकांच्या खोलीसाठी होते, हे अर्जात कुठे लिहावे लागले नाही. ‘घराची दुरुस्ती व सुधारणा’ एवढा एकच रकाना होता आणि त्यात ती खोली सहज बसली.

व्यवहार असा. जुन्या कर्जाचे नऊ लाख उरले होते, व्याज साडेनऊ टक्के, मुदत आठ वर्षे. दुसरी बँक ते कर्ज साडेआठ टक्क्यांनी आपल्याकडे घ्यायला तयार होती आणि वर सहा लाख देत होती. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जावरील मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केला असल्याने कर्ज उचलून दुसरीकडे नेणे आता अवघड राहिलेले नाही. पंधरा लाख, बारा वर्षे. हप्ता सुमारे १३,४०० वरून सुमारे १६,६५० वर जाणार होता. सव्वातीन हजारांत सहा लाख! आम्ही दोघेही गणितात कच्चे. पण एका रविवारी वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली. आठ वर्षे सव्वातीन हजार जास्त, आणि जे कर्ज २०३२ मध्ये संपणार होते त्याचे आणखी चार वर्षे पूर्ण हप्ते. सहा लाखांसाठी अकरा लाखांहून अधिक. नोकरीची शेवटची चार वर्षे, ज्यांत पगार प्रथमच पूर्णपणे आमचा होणार होता, ती आम्ही आजच विकत होतो. वही मिटली आणि सही केली.

बँकेत या कर्जाला टॉप-अप म्हणतात. मोबाइलमध्ये पैसे भरण्याचा हा शब्द घराला कसा लागला कोण जाणे. मराठीत यासाठी गहाण हा शब्द आहे; तो संस्कृत ग्रहणापासून आलेला. ग्रहण लागते आणि सुटते, गहाण पडते आणि सुटते, म्हणजे क्रियापदानेही नाते सोडलेले नाही. जुन्या कागदांत नजरगहाण आणि ताबेगहाण असा भेद असे. पहिल्यात मालमत्ता मालकाकडेच राही, दुसऱ्यात ताबा सावकाराकडे जाई आणि उत्पन्न व्याजात वळते होई. केवळ मालकीचे कागद ठेवून घेण्याचा प्रकारही १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. आमचा तोच. खरेदीखत एका बँकेच्या तिजोरीतून दुसरीच्या तिजोरीत गेले, दुय्यम निबंधकाकडे सूचनापत्र नोंदले गेले, आणि आम्हांला कागदांच्या यादीची एक छायाप्रत मिळाली. घरातली एकही वस्तू जागची हलली नाही.

सह्यांच्या दिवशी आम्ही काचेच्या खोलीत चहा घेत होतो आणि बाहेर खरिपाच्या पीककर्जाची रांग होती. सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे बेबाकीचे दाखले, प्लास्टिकच्या पिशव्यांत. रांगेत एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील दिसले. आम्ही बाहेर आल्यावर ते म्हणाले, “काय सर, तुमचंबी नवं-जुनंच हाय काय?”

आम्हांला क्षणभर कळले नाही, मग नेमके कळले. नवे-जुने करणे म्हणजे मार्चअखेर जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे आणि त्याच्या जागी नवे, जरा मोठे उचलायचे. भरण्याचे पैसे नसले तर आठ-पंधरा दिवसांसाठी सावकाराकडून आणायचे आणि नवे कर्ज हाती पडताच त्याला परत करायचे. आम्ही हेच केले होते. फक्त आमचा मधला सावकार नव्या बँकेचा धनाकर्ष होता, आणि आम्हांला खुर्ची मिळाली होती. २०१९च्या जानेवारीत याच शहरात भरलेल्या ९२व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेने केले. तेव्हा मंडपात बसून आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. कर्ज हा शब्द आपल्याविषयीही बोलला जातो आहे, असे त्या दिवशी वाटले नव्हते.

वऱ्हाडाला हे नवे नाही. हैदराबाद कंटिंजंटच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने १८५३च्या तहाने हा सबंध मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. कायद्याच्या काटेकोर भाषेत ते गहाण नव्हते, पण ताबेगहाणाची चाल तीच. पुढे १८६० मध्ये पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले, तरी मुलूख परत मिळाला नाही. १९०२ मध्ये तर वर्षाला पंचवीस लाखांवर तो कायमच्या पट्ट्याने गेला.

वडिलांना मात्र दुसरीच गोष्ट ठाऊक होती. दारव्ह्याकडची त्यांच्या वडिलांची पाच एकर जमीन ताबेगहाण होती. शाळामास्तराच्या पगारातून त्यांनी ती सोडवली, आणि सुटलेला कागद घरी आला त्या दिवशी आजीने त्याला कुंकू लावले. तो डाग अजून आहे. २०१२ मध्ये आम्ही घर घेतले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “हे एकदा फेडलं की कागद पुन्हा घराबाहेर नेऊ नका.” आम्ही हो म्हटले होते. फेडण्याआधीच कागद इकडून तिकडे गेला, म्हणजे शब्दशः पाहता वचन मोडले नाही, असा युक्तिवाद आमच्यापैकी एकाने करून पाहिला. दुसऱ्याने उत्तर दिले नाही.

न्हाणीघर खाली आले आहे. आई भिंतीला धरून स्वतः जातात. रात्री हाक मारावी लागत नाही. टाके पहिल्या पावसातच भरले. वरच्या खोलीत पुस्तके लावून झाली, पण तिथे बसणे फारसे होत नाही. उन्हाळ्यात पत्रा तापतो. शेवटचा हप्ता २०३६चा. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावेत, नाहीतर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२३च्या डिसेंबरपासून लागू आहे. हे आम्ही आईंना मुद्दाम वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले की कुंकवाचा करंडा नव्या खोलीत नेला की जुन्याच कपाटात आहे.