‘मधील’ आणि ‘विरुद्ध’

बनारसच्या दुर्गाघाटाकडच्या आम्हा मराठी घरांत बातम्या तीन भाषांत येतात. 24 फेब्रुवारी 2022 पासून मी त्या वाचते ते मुख्यतः एकाच कुतूहलाने: या युद्धाला आज कोणी काय म्हटलंय?

हिंदी पत्रांत ‘रूस-यूक्रेन युद्ध’. मधल्या आडव्या रेघेने दोघे समान होतात, जणू आखाड्यात जोड लागली आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या पत्रांत ‘रशियाचं आक्रमण’; तिथे कर्ता ठळक. चिनी पत्रांत ‘युक्रेन संकट’. तिथे कर्ताच नाही, संकट अवकाळी पावसासारखं आलेलं. मॉस्कोत ‘विशेष लष्करी कारवाई’. लष्कराविषयी ‘खोटी माहिती’ पसरवणाऱ्याला 15 वर्षांपर्यंत कैद, असा कायदाच तिथे मार्च 2022 मध्ये झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘नोवाया गझेटा’ने प्रकाशन थांबवलं.

हा वाद आमच्या शहरातही येऊन गेला. 26 ऑगस्ट 2023 रोजी जी-20चे संस्कृतिमंत्री इथे जमले. संस्कृतीवर एकमत झालं, युक्रेनवरच्या मजकुरावर झालं नाही. पंधरवड्याने दिल्लीच्या जाहीरनाम्यात ‘युक्रेनमधील युद्ध’ असे शब्द आले. युक्रेनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने ते लाल अक्षरांत दुरुस्त करून ‘युक्रेनविरुद्धचं युद्ध’ केले. ‘मधील’ फक्त जागा सांगतं. ‘विरुद्ध’ म्हटलं की कोणाकडून, हे विचारावंच लागतं.

शब्दांची ही किंमत जाणणारा एक मराठी माणूस याच गावात होऊन गेला: बाबूराव विष्णु पराडकर. 1920 साली निघालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ते संपादक. ‘राष्ट्रपती’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. 1930 मध्ये वृत्तपत्रांवर बंधनं आली, तेव्हा ‘रणभेरी’ चोरून छापली जाई. आणि 1857? लंडनच्या पत्रांत ते शिपायांचं बंड होतं. याच काशीत जन्मलेल्या मनकर्णिकेचं, झाशीच्या राणीचं युद्ध आपण त्या नावाने आज सांगू का?

म्हणून मी अनुवाद करते तेव्हा ‘मधील’ लिहिताना हात अडतो. घाटावर मला विचारतात, “कौन जीत रहा है?” ती आडवी रेघ हाच प्रश्न शिकवते. घर कोणाचं पडलं, हे विचारायला तिच्यात जागाच नसते.