काळोखाचे सोंग

उपवासकाळात दुःखसहनाच्या नाट्याची पात्रयोजना सुरू झाली की पेत्र, योहान, एवढेच काय पिलातासाठीही तरुण सहज मिळतात. यहुदा मात्र मिळता मिळत नाही. जो मिळतो त्याला पुढे वर्षभर ‘तीस नाणी कुठं ठेवलीस?’ हे ऐकून घ्यावे लागते. ती थट्टाच, पण तिच्यामागे एक जुनी शंका असते: वाइटाचे सोंग घेणाऱ्याला त्या वाइटाचा थोडा तरी रंग लागत असणार.

आमच्या कामोठ्यात ही शंका अलीकडे निराळ्या निमित्ताने जागी झाली. येथील काही मुले रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी टेबलाभोवती जमतात आणि भूमिकांचा खेळ खेळतात. एकजण कथा चालवितो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्याच्या वतीने बोलतात, निर्णय घेतात आणि यशापयशाचा कौल फाशांवर सोपवितात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. आमचा भाचाही त्या टेबलाशी बसतो. त्याचे पात्र रक्तपिशाचाचे: मेलेला, तरी वावरणारा, स्वतःच्याच भुकेला भ्यालेला. सकाळी मिस्सेला जाणाऱ्या पोराने दुपारी असले सोंग घ्यावे, याने आमच्या बहिणीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. “दादा, यातून त्याच्या मनात काही शिरणार तर नाही?” तिने विचारले.

ही भीती तिची एकटीची नव्हे. १९८२ साली अमेरिकेत एका मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने त्या खेळाला दोष दिला आणि पुढच्याच वर्षी त्याविरुद्ध संघटना उभारली. खेळामुळे मुले जीव देतात असा कार्यकारणसंबंध नंतरच्या संशोधनात आढळला नाही. तरीही त्या मातेला हसण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

आपल्याकडे निळू फुले यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पडद्यावरचा त्यांचा पाटील पाहून बायाबापड्या त्यांच्या नावाने बोटे मोडीत. प्रत्यक्षात २००९ साली निधन पावलेला हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांतून आलेला, साधा व सज्जन. परंतु हे उदाहरण सांगून बहिणीची समजूत घालणे आम्हांस प्रामाणिक वाटेना. नटाच्या हाती संहिता असते. ‘सामना’तला हिंदुराव काय बोलेल हे विजय तेंडुलकरांनी आधीच लिहून ठेवलेले होते. टेबलाशी बसलेल्या पोरापुढे असे काही नसते. ‘तुला भूक लागली आहे, दारात म्हातारी उभी आहे, काय करतोस?’ असे कथा चालविणारा विचारतो आणि उत्तर पोरालाच शोधावे लागते.

म्हणून एका रविवारी आम्ही स्वतःच तेथे जाऊन बसलो. ते खेळत होते तो ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’, मार्क राइन-हेगन यांनी १९९१ साली आणलेला. त्यात प्रत्येक पात्राच्या तक्त्यावर माणुसकीचे दहा ठिपके असतात. पात्राच्या हातून क्रूर कृत्य घडले की खेळाडूने सद्सद्विवेकाचे फासे टाकायचे. ते उलटे पडले की एक ठिपका पुसायचा. सारे पुसले गेले की पात्र खेळाडूच्या हातचे जाते, त्याच्यावर त्याचा अधिकार उरत नाही. त्या दुपारी भाच्याच्या पात्राने, ज्याने आसरा दिला त्याच रखवालदाराचा भुकेपोटी जीव घेतला. फासे उलटे पडले. सातांचे सहा झाले. खोडरबर फिरताना कोणी बोलेना. मग पोराने हळूच विचारले, “त्या रखवालदाराला मुलं होती का?”

आम्हांस संत इग्नेशियस आठवले. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधने’त साधकाला शुभवर्तमानातील प्रसंगात कल्पनेने शिरावयास सांगितले आहे, पहिल्या आठवड्यात तर नरकही पंचेंद्रियांनी अनुभवायचा असतो. तेथे नुसते प्रेक्षक होऊन भागत नाही. मात्र सोबत मार्गदर्शक असतो, हे विसरून चालणार नाही. एकट्याने खोलीचे दार लावून अंधारात शिरणे वेगळे आणि चार मित्रांदेखत शिरणे वेगळे.

खटकले ते दुसरेच. एक मुलगा पात्राच्या आडून एका मुलीला सारखा टोचून बोलत होता. तिचा चेहरा उतरलेला दिसत असूनही तो थांबेना, वर म्हणे, “मी कुठं बोलतोय? माझं पात्र बोलतंय.” अत्र्यांचा लखोबा लोखंडे १९६२ सालापासून हेच म्हणत आला आहे! कथा चालविणाऱ्याने फासे बाजूला ठेवले, खेळ थांबविला. कोणते विषय टेबलावर आणायचे नाहीत हे त्यांनी आधीच ठरविले होते असे कळले. असा ठराव नसेल तेथे आपल्या पोराला पाठवू नये, असे आमचे मत आहे.

बहिणीला आम्ही पाहिले तेवढे सांगितले आणि खेळ तिच्याच घरी ठेवावा असे सुचविले. आता रविवारी तिच्या बैठकीच्या खोलीत फासे खुळखुळतात. ती चहा टाकते आणि स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकते. परवा जेवताना तिनेच मुलाला विचारले की त्या रखवालदाराच्या पोरांचे पुढे काय झाले. त्याने सांगितले, मोठी मुलगी बापाला शोधत हिंडते आहे, आणि तिच्यापुढे कोणत्या तोंडाने जावे हे आपल्या पात्राला अजून कळलेले नाही.