कार्ड रिन्यू करणारी पिढी

सातारच्या पेठेतल्या आमच्या वाड्यात 1975 ते 1995 या काळात जी भावंडं विशीत आली, त्यांचे दहावीचे मार्क आज कुणाला आठवत नाहीत; टायपिंगचं स्पीड मात्र सगळ्यांना पाठ आहे. थोरल्या दादाचं इंग्रजी 40, मराठी 30. ताईचं दोन्हींत 40, शिवाय शॉर्टहँड. मधला अण्णा 30 लाच अडकलेला. सरकारी कारभार मराठीतून चालवायचा कायदा 1964 सालीच झालेला, तेव्हा मराठी टंकलेखक लागणारच, हा काकांचा हिशेब. घरात पगार त्यांचा एकट्याचा, त्यामुळे हिशेबही त्यांचाच चाले. टायपिंगच्या क्लासात सकाळी सातच्या बॅचला रेमिंग्टन आणि गोदरेजचा असा खडखडाट की सर ओरडले तरी ऐकू येत नसे. करंगळीत जोर नसलेल्याचा ‘ए’ फिकट उमटे, आणि सर तेवढ्यावरून कागद कुणाचा ते ओळखत.

सर्टिफिकेट हातात आलं की ‘एम्प्लॉयमेंटला नाव घातलं का?’ हे कोणीही कोणालाही विचारी. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डाची रिन्यूची तारीख चुकली तर ज्येष्ठता जायची, म्हणून आई ती कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवी. मग कॉलची वाट. पोस्टमन वाड्यात शिरला की दादा उगाच विहिरीकडे जाई. कॉल आला तरी एका जागेला अख्खा जिल्हा लोटलेला असे. ‘अमक्याचा मुलगा चिकटला’ अशी बातमी आली, की त्या दिवशी जेवताना कोणी कोणाकडे बघत नसे.

काका म्हणत, हातपाय हलवले तर काम मिळतं. त्यांना ते मिळालं होतं, तेव्हा त्यांचंही खरंच. पण देशाची वाढ आणि आमच्या घरातली बेकारी एकाच वेळी चालू होती, हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही. कारखाने येत होते, पण नवं यंत्र आलं की तेवढाच माल कमी माणसांत निघे. चुलतभाऊ पिंपरीला एका कारखान्यात लागला, तर 240 दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’ देऊन घरी बसवला. भरले असते तर कायम करायची मागणी आली असती. पुढे त्याच गेटवर कंत्राटदाराचा माणूस म्हणून गेला. बँकांत संगणक आणायचा करार कर्मचारी संघटनांशी 1983 मध्येच झाला होता. आमचे सर त्यानंतरही वर्षानुवर्षं नव्या बॅचा भरत होते. 2001 च्या सुमाराला सरकारी बँकांतून लाखभर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली आणि लेखनिक भरणारं मंडळही गुंडाळलं. सार्वजनिक क्षेत्रातल्या नोकऱ्या 1997 च्या आसपास शिखराला पोचल्या आणि उतरणीला लागल्या. उद्योग-व्यापार त्याच वर्षांत वाढत होता. एम्प्लॉयमेंटच्या याद्यांवर तेव्हा देशभरात चार कोटींच्या घरात नावं होती.

आत्याचं गाव माण तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या घरातली माणसं खडी फोडायला गेली, पुढे रोजगार हमीच्या पाझर तलावावर. आत्तेभाऊ दादाच्याच वयाचा. त्याला कोणी कधी बेकार म्हटलं नाही, कारण मस्टर बंद झालं की तो ऊसतोडीला, तिथून विटांच्या भट्टीवर जाई. घरी बसून वाट बघायची म्हणजे मागे कुणाचा तरी पगार लागतो. दादामागे काकांचा होता. सुशिक्षित बेरोजगारांवर व्याख्यानं व्हायची तेव्हा आत्तेभाऊ श्रोत्यांत नसे, आणि व्याख्यानातही नसे. मला तर वाटतं, आमच्या बेकारीत एक प्रकारची ऐपत होती. दादाला हे बोललेलं आवडत नाही.

1993 मध्ये प्रधानमंत्री रोजगार योजना आली. अण्णाने कर्ज काढून एसटीडी बूथ टाकला, काचेची केबिन, पिवळी पाटी. रात्री दर उतरले की रांग लागे. काही वर्षं बरी गेली. मग मोबाईल आले आणि ती केबिन झेरॉक्सच्या यंत्राने भरली. दादा वयोमर्यादा ओलांडता ओलांडता एका पतसंस्थेत चिकटला, तोही ओळखीने. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एम्प्लॉयमेंटच्या नावांवरच थांबू नका, जाहिरातही द्या. न्याय रास्तच होता, पण दादाने इतकी वर्षं राखलेल्या ज्येष्ठतेला त्यानंतर फारसं कुणी विचारलं नाही.

आता दिवाळीला सगळे जमलो की हा वाद निघतोच. दादाच्या मते सगळा वशिला, अण्णाच्या मते सगळा संगणक. आत्तेभाऊ चिवडा खात म्हणतो, तुम्हाला खुर्चीच पाहिजे होती. परवा ताईने मध्येच विचारलं, ‘माझं कार्ड शेवटचं कोणी रिन्यू केलं होतं रे?’ लग्नानंतर तिचा पत्ता बदलला आणि ते काम कोणाकडेच उरलं नव्हतं. घरातलं सगळ्यात चांगलं स्पीड तिचं. अण्णा म्हणाला, मी करायला हवं होतं. ताई म्हणाली, तुझं 30 तरी कुठे झालं होतं!