शरणपूर ते बौशर

नाशिकला तुमचं जाणं-येणं असेल, तर शरणपूर रोड तुम्हाला माहीत असेलच. दुकानं, दवाखाने, संध्याकाळची ती गर्दी. मी त्याच भागात वाढलो. आमची मंडळीही तिथलीच. तरी 'शरणपूर' म्हणजे कोण, कोणाच्या आश्रयाला आलं होतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला इथे, ओमानमध्ये, बौशरला राहायला आल्यावर.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून पकडलेली माणसं गलबतांत भरून अरबस्तानाच्या किनाऱ्यांवर विकायला आणली जात. ब्रिटिश आरमार अशी काही गलबतं अडवत असे. सुटका झालेल्या मुलांना परत कुठे पाठवायचं, हे कोणालाच ठाऊक नसे. त्यांतली काही मुंबईला उतरवली जात आणि तिथून नाशिकला येत. तिथे चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी १८५४ साली शरणपूरची वसाहत उभी केली होती. मुलं तिथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच पुरलं आणि देह वाळवून, गुंडाळून, हजार मैलांहून जास्त वाट तुडवत किनाऱ्यावर पोचवला. पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. ज्याला कोणीतरी बाजारात मांडलं असतं, तो नाशिकला शिकलेला मुलगा!

आणि मस्कत? १८९६ साली असंच सोडवलेल्या १८ आफ्रिकी मुलांना इथे पीटर झ्वेमर या तरुण अमेरिकन मिशनऱ्याने आपल्या घरी ठेवून घेतलं. शाळा तेच, घरही तेच. इथला उन्हाळा आणि आजारपण त्याच्या अंगाला लागलं. दोनच वर्षांनी, वयाच्या तिशीत, तो न्यूयॉर्कला वारला. ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १९७० साली.

या सगळ्यात मिशनऱ्यांचे हेतू निव्वळ निर्मळ होते, असं मी म्हणणार नाही. मुलांना नवी नावं मिळाली, नवा धर्म मिळाला. त्यांना कोणी विचारून तो दिला असेल, असं वाटत नाही. पण १८ मुलांचं काय करायचं, हा प्रश्न दाराशी आला तेव्हा एका माणसाने दार उघडलं, एवढं खरं.

आता माझी गोष्ट. मी एका बांधकाम कंपनीत कामगारांची हजेरी आणि रजा बघतो. रोज सकाळी माझ्या कागदावर माणसं आकड्यांत येतात: गवंडी इतके, शटरिंग सुतार इतके, हेल्पर इतके. एका वेळी किती सुतारांनी सुट्टीवर जायचं हे ठरलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी, एका रविवारी, एक तरुण सुतार आला. गावी वडील शेवटच्या अवस्थेत होते. मी यादी पाहिली. जागा भरल्या होत्या. म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू." तो काही न बोलता गेला.

गुरुवारी त्याच्याच खोलीतला एक वयस्क मिस्त्री आला. तेलंगणचा, मुसलमान. दोन वर्षांनी घरी निघाला होता, सामानाचं खोकं बांधून तयार होतं. म्हणाला, "साहेब, माझं नाव काढा, त्याचं घाला. माझी माणसं पुढच्या महिन्यातही भेटतील." मी एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं. तो मुलगा शुक्रवारी रात्री निघाला. वडील गुरुवारीच गेले होते.

बौशरमध्येच घाला भागात चर्चचं आवार आहे. इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. त्यानंतर आम्ही काही मराठी कुटुंबं कोणाच्या तरी घरी जमतो. तिथे मी ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितली. शंभरातलं एक मेंढरू शोधायला निघालेला मेंढपाळ आणि हा मिस्त्री, असं काहीसं जुळवून बोललो. लोकांचे डोळे भरून आले. मुलाकडे आलेल्या एक मावशी मात्र चहा ओतता ओतता म्हणाल्या, "मिस्त्रीने सुट्टी सोडली. तू काय सोडलंस रे?"

त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या पवित्र शास्त्रात 'खंडणी' हा शब्द आहे. वर्तमानपत्रात तो गुंडांचा. आमच्याकडे मात्र बंदिवानाला सोडवायला भरलेलं मोल. प्रभूने ते स्वतः भरलं, असं आम्ही मानतो. मी काय केलं होतं? मोल त्या मिस्त्रीकडून वसूल करून घेतलं होतं आणि वर त्याचं कौतुक केलं होतं. त्याग ज्याने करायचा त्याच्या मनातून यावा लागतो. तो दुसऱ्याच्या वाट्याला ढकलून आपण हात जोडले, तर ती भक्ती नव्हे, सोय आहे.

रविवारी मी साहेबांसाठी दोन ओळींचा अर्ज लिहिला: घरात मरण किंवा गंभीर आजारपण असेल, तर ती रजा ठरलेल्या जागांत धरू नये. मला वाटलं होतं वाद होईल, माझीच बदली होईल. साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही केली. पुरतं वाचलंही नसेल. हा कागद मी आठवडाभर आधी नेला असता, तर एका मुलाला बापाचा हात हातात घेता आला असता. मला धैर्य लागणार नव्हतं. फक्त खुर्चीतून उठायचं होतं.

वाचक हो, तुमच्यातल्या पुष्कळांच्या हाती अशी एखादी यादी असेल. कोणाच्या सुट्टीची, कोणाच्या पगाराची, नाहीतर घरी कामाला येणाऱ्या बाईची. जीव द्यायची वेळ आपल्यावर बहुधा येत नाही. येते ती अशी, कामाच्या दिवशी, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायच्या आधी.

पुढच्या महिन्यात मिस्त्री घरी निघाला. मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो. माफी मागितली, तर त्याला ती कशाबद्दल हेच कळेना. खोक्याची दोरी सैल झाली होती. आम्ही दोघांनी मिळून ती पुन्हा आवळली.