फ्रेंडशिपचे मैदान

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या आग्नेय भागात फ्रेंडशिप नावाचे चिमुकले खेडे आहे. ठासणीच्या बंदुकांची १९३३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना आपले सामने येथेच भरविते. चिरंजीवांच्या शेजाऱ्यांसमवेत आम्ही तेथे गेलो, ते एका आकड्यासाठी. वडिलांच्या पश्चात त्यांच्याकडे ०.३६ इंच व्यासाची, खारींच्या शिकारीची बंदूक आली होती. तिचे उत्पादन केव्हाच थांबलेले, माहितीपुस्तिका हरवलेली. दारू किती भरावी? उरली होती वडिलांच्या हातची चिठ्ठी. तीवर नुसता आकडा.

एका वृद्ध नेमबाजाने ती पाहून विचारले, "दारू कोणती? दाणा बारीक की जाड?"

चिठ्ठी मुकी होती. काळ्या दारूचा दाणा बारीक असला, तर तेवढ्याच मापाला जोर अधिक. आणि निर्धूम दारू भरली, तर नळीच फुटायची! वृद्धाने दारू बनविणाऱ्यांचा छापील तक्ता उघडला आणि त्या व्यासाच्या सर्वांत कमी मापापासून आरंभ करावयास सांगितले.

शेजाऱ्यांनी चिठ्ठी जपून खिशात ठेवली. माप भरले, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने तळापर्यंत ठासली. पहिला बार लक्ष्याच्या बराच खाली गेला. ते मात्र हसत होते. वडिलांनीही आरंभ असाच केला असेल, असे आम्हांस वाटून गेले.